बुर्यातांचे मंगोलपण

७ जुलै १९५८ रोजी सोव्हिएत सत्तेने एका प्रजासत्ताकाच्या नावातला एक शब्द गाळला. कालपर्यंत 'बुर्यात-मंगोल' असलेले स्वायत्त प्रजासत्ताक त्या दिवसापासून नुसते 'बुर्यात' झाले. राजधानी उलान-उदे तीच राहिली, बैकाल सरोवर जागचे हलले नाही, दक्षिणेचा शेजारी मंगोलियाही होता तिथेच होता. बदलली ती पाटी. तरी बुर्यातांच्या विसाव्या शतकाविषयी बोलणे निघाले की फिरून फिरून गाडी या पाटीशी येते, कारण तिच्यामागे एक जुना वाद आहे. बुर्यात ही मंगोलांचीच एक शाखा, की मंगोल कुळातली भाषा बोलणारा पण घडणीने निराळा असा हा समाज? रशियात आज साधारण चार लाख साठ हजार बुर्यात आहेत. बुर्यातिया प्रजासत्ताकात ते लोकसंख्येच्या तीस टक्क्यांच्या आसपास. बाकीचे मुख्यतः इर्कुत्स्क प्रांतातल्या उस्त-ओर्दा भागात आणि चीन-मंगोलियाच्या सीमेकडल्या आगा भागात. मंगोलियाच्या उत्तर पट्ट्यात आणि चीनच्या हुलुनबुइर प्रदेशातही त्यांची वस्ती आहे. तीन देशांत वाटल्या गेलेल्या माणसांना 'तुम्ही नक्की कोण?' असे विचारणारा बहुधा कुठल्या तरी सरकारचा माणूस असतो, आणि उत्तर काय हवे ते त्याने आधीच ठरवलेले असते.

या वादाची दोन टोके मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी देतो आहे. भाऊसाहेब व्याकरणाचे माणूस. भाषेचे कूळ ठरले की लोकांचे कूळ ठरले, असे मानणारे. वसुधाताई इतिहासाच्या, त्यांना कुळापेक्षा वहिवाट मोठी वाटते. मधूनमधून मी बोलणार आहे, आणि पंच असल्याचा आव आणणार नाही. माझे म्हणणे असे की भाषेची वंशावळ ही एक गोष्ट आणि लोकांची घडण ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. पण एकीच्या आधारे दुसरीचा निकाल लावण्याचा हट्ट ज्यांनी धरला, त्यांनीच बुर्यातांचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे.

भाऊसाहेब सरळ आकडे मोजायला घेतात. "एक ते पाच म्हणा," ते म्हणतात. "बुर्यात म्हणेल नेगेन, खोयोर, गुर्बन, दुर्बेन, ताबन. उलानबातरचा खाल्ख मंगोल म्हणेल नेग, खोयोर, गुराव, दोरोव, ताव. आता बैकालच्या ईशान्येला, लेना नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या साखांना विचारा. त्यांनाच याकूत म्हणतात, आणि त्यांची भाषा तुर्की कुळातली. ते म्हणतील बीर, इक्की, उस, तुओर्त, बिएस. इस्तंबूलचा दुकानदार म्हणेल बिर, इकि, उच, दोर्त, बेश. कोण कोणाच्या घरातला, हे ओळखायला पंडित लागत नाही. खाल्ख आणि बुर्यात यांच्यात फरक आहेत, कोण नाही म्हणतो? पण ते नियमाने पडलेले आहेत. खाल्खात जिथे शब्दाच्या सुरुवातीला स येतो तिथे बुर्यातात ह. चांगल्याला ते म्हणतात सैन, हे म्हणतात हैन. खाल्खातला त्स बुर्यातात स होतो, च चा श होतो. नव्या वर्षाचा पांढरा महिना खाल्खांचा 'त्सागान सार', बुर्यातांचा 'सगान हारा'. एका नावात दोन्ही नियम दिसतात. अंतर असं नियमाने पडलं असेल तर तो नात्याचा पुरावा असतो, परकेपणाचा नव्हे. फिनलंडच्या माथियास कास्त्रेनचं बुर्यात व्याकरण त्याच्या मागे, १८५७ मध्ये छापलं गेलं. तेव्हापासून आजतागायत या भाषेच्या कुळाबद्दल कोणी गंभीर शंका काढलेली नाही. मग तिच्या लोकांबद्दल का काढायची?"

"कारण लोक म्हणजे भाषा नव्हे, भाऊसाहेब," वसुधाताई म्हणतात. "तुम्ही दाखवलीत ती वंशावळ. मी सातबारा काढते, आणि त्यावर फेरफारांची रांग लागली आहे. मंगोलांच्या गुप्त इतिहासात बुर्यातांचं नाव येतं ते १२०७ च्या मोहिमेत. चंगीझखानाचा मुलगा जोची 'जंगलातल्या लोकांना' अंकित करायला निघतो, आणि त्या यादीत ओइरातांबरोबर बुर्यात आहेत. म्हणजे साम्राज्याच्या स्वतःच्या बखरीत ते घरचे म्हणून येत नाहीत, जिंकलेले म्हणून येतात. त्याच्याही पाचशे वर्षं आधी बैकालकाठी कोण होतं? कुरिकान. ओर्खोनच्या आठव्या शतकातल्या शिलालेखांत त्यांचा उल्लेख आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्यांना तुर्की मानतात. साखांच्या पूर्वजांत त्यांची गणना होते. पुढे मंगोल भाषा बोलणारे लोक आले तेव्हा हे कुरिकान काही हवेत विरले नाहीत. काही उत्तरेला लेनाकडे सरकले, काही राहिले आणि मिसळले. घोडा बांधायचा कोरीव लाकडी खांब बुर्यातांच्या अंगणात असतो तसा साखांच्याही असतो, आणि दोघंही त्याला 'सेर्गे' म्हणतात. पश्चिम बुर्यात हातात हात घालून रिंगणात 'योखोर' नाचतात. गवताळ प्रदेशातल्या खाल्खांकडे असा नाच शोधून सापडत नाही, साखांकडे सापडतो, एवेंकींकडेही सापडतो. अंगारा नदीकाठचा बुर्यात नमद्याच्या तंबूत नाही, लाकडाच्या आठकोनी घरात राहायचा. पितृवंशाचा एन नावाचा जनुकीय गट साखांत प्रचंड, बुर्यातांत ठळक आणि खाल्खांत अगदी थोडा आहे. सायान डोंगरातल्या ओका खोऱ्यात सोयोत राहतात. त्यांची भाषा तुर्की होती. ती गेली, आणि ते बुर्यात बोलू लागले. तुमचं व्याकरण त्या सोयोताला मंगोल ठरवून मोकळं होईल. तो कोण, हे त्याला विचारा."

इथे भाऊसाहेबांना अडचणीत टाकणारा खरा मुद्दा व्याकरणातच आहे, आणि वसुधाताईंनी तो अजून काढलेला नाही, म्हणून मी काढतो. खाल्ख भाषेत क्रियापदाला पुरुष लागत नाही. मी जातो, तू जातोस, आम्ही जातो, सगळ्यांना 'यावना'; कोण जातो ते सर्वनामावरून कळायचे. बुर्यातात तसे नाही. बि याबनाब, शि याबनाश, बिदे याबनाब्दि, ता याबनात. कर्ता बदलला की क्रियापदाचे शेपूट बदलते, मराठीत बदलते तसेच. ही रीत तुर्की भाषांत रुळलेली आहे. जुन्या मंगोल भाषेत ती नव्हती. मग हे तुर्की रक्त म्हणायचे का? जरा निरखून पाहिले तर ही शेपटे बाहेरून आणलेली नाहीत. 'बि'चा ब झाला, 'शि'चा श, 'बिदे'चा ब्दि, 'ता'चा त. सर्वनामे मंगोलच, क्रियापदाच्या मागे जाऊन चिकटली आणि झिजली. शिवाय व्होल्गाच्या मुखाकडे राहणाऱ्या काल्मिकांच्या मंगोल भाषेतही हेच घडले आहे. म्हणजे द्रव्य घरचे. सवय मात्र शेजाऱ्यांच्या सहवासात बळावली असणे शक्य आहे, आणि त्याहून जास्त म्हणण्याला पुरावा पुरत नाही.

स चा ह होण्याचेही तेच. एवेंकींच्या बोली स आणि ह यांवरूनच गटांत विभागल्या जातात. साखांनी तर शब्दारंभीचा जुना स टाकूनच दिला. एवेंकी तुंगूस कुळातले, साखा तुर्की, बुर्यात मंगोल. तीन कुळांच्या भाषा एका सरोवराभोवती स शी सारख्याच तऱ्हेने वागतात, हे पाहून शेजारधर्माचा संशय येणे साहजिक आहे. पण इराणातही स चा ह झाला होता. 'सप्त'चा 'हफ्त' तिथेच झाला आणि आपल्या बोलण्यातला हप्ता त्याच वाटेने आला. तिथे कोणी बुर्यात शेजारी नव्हता. तेव्हा एकट्या या फरकावर वसुधाताईंनी फार भार टाकू नये.

कोणी म्हणेल की मंगोल आणि तुर्की ही दोन्ही कुळे एकाच 'अल्ताई' महाकुळातली असतील तर हा सगळा खल फुकटचा आहे. सोन्याला बुर्यातात अल्तन, तुर्कीत अल्तिन. काळ्याला खारा आणि कारा. लोखंडाला तुमेर आणि देमिर. बैलाला बुखा आणि बोगा. हे साम्य योगायोगाचे नाही, यात शंका नाही. पण ते कोणत्या शब्दांत आहे ते बघावे: धातू, रंग, जनावरे. ज्यांची देवघेव होते, जे बाजारात आणि कळपात लागतात, असे हे शब्द. आकड्यांकडे वळलो की भाऊसाहेबांनी दाखवलेली दरी समोर येते. जेरार्ड क्लॉसन यांनी १९५६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता: दोन भाषा सख्ख्या असतील तर त्यांचा अगदी रोजचा, मूळ शब्दसंग्रह जुळायला हवा, तिथे न जुळता व्यापाराच्या आणि राज्यकारभाराच्या शब्दांत जुळत असेल तर ते उसने आहे. वाद अजून मिटलेला नाही, आणि एका कुळाची बाजू घेणारे मातब्बर अभ्यासक आजही आहेत. पण बुर्यातांच्या प्रश्नाला त्यातून सुटका नाही. महाकुळ असलेच तर ते इतके जुने की आजच्या बुर्यात आणि साखा यांच्यातले सारखेपण त्याने उलगडत नाही. ते उलगडते गेल्या हजार-दीड हजार वर्षांच्या शेजाराने.

"म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात," भाऊसाहेब खूश होतात. अर्धाच आलो आहे. 'गेसर' हे बुर्यातांचे सर्वांत लाडके महाकाव्य घ्या. त्सिबेन झाम्त्सारानो या बुर्यात विद्वानाने १९०६ मध्ये ते मान्शूत एमेगेएव या गायकाच्या तोंडून उतरवून घेतले. गेसरची कथा तिबेटात आहे, मंगोलियात आहे, तुवांतही आहे. नायकाचे नाव थेट रोमच्या सीझरपर्यंत पोचते असे अनेक अभ्यासक मानतात. पश्चिम बुर्यातांच्या पाठात कथा स्वर्गात सुरू होते. तिथे पश्चिमेचे पंचावन्न आणि पूर्वेचे चव्वेचाळीस तेंगरी एकमेकांवर उठलेले असतात. 'तेंगरी' म्हणजे आकाश आणि देव. हा शब्द तुर्कांचा आणि मंगोलांचा सामाईक. पश्चिमेच्या देवांचा राजा खान खुर्मास. हे नाव मध्य आशियातल्या सोग्दी व्यापाऱ्यांनी आणले, मुळात ते इराण्यांचे अहुर मज्द. आणि बौद्ध ग्रंथांचे मंगोलीत भाषांतर करणाऱ्यांनी याच खुर्मासला आपला इंद्र ठरवले. इतक्या मुलखांची देणी अंगावर वागवणारे हे काव्य गायले जाते मात्र अस्सल मंगोल भाषेत, आणि त्याचा पश्चिमेकडला पाठ जंगलातल्या शामानांच्या जगाचा आहे. हे कोणाचे? ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपले त्यांचे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत अधिकाऱ्यांनी गेसर 'सरंजामी' आणि लोकविरोधी ठरवले, आणि पुढे काही वर्षांत तो शिक्का मागे घ्यावा लागला. त्या चौकशीतही मूळ कोणाचे हाच प्रश्न उगाळला गेला, जणू त्यावर काव्याची निष्ठा ठरणार होती.

भाऊसाहेबांचा सूर आता चढतो. "तुम्ही नाचाचं आणि खांबाचं सांगता, वसुधाताई, पण ही वेगळेपणाची टूम निघाली कुठून? मॉस्कोतून! १९२३ मध्ये प्रजासत्ताक झालं तेव्हा नावात मंगोल होतं. १९३१ मध्ये उभी मंगोल लिपी काढून लॅटिन आणली, तरी प्रमाणभाषेला आधार सेलेंगा बोलीचा होता, म्हणजे खाल्खाला लागून. १९३६ मध्ये तो आधार काढून घेऊन पूर्वेकडली खोरी बोली बसवली. १९३९ मध्ये लॅटिन जाऊन सिरिलिक आली. मधे १९३७ मध्ये प्रजासत्ताकाचे लचके तोडून उस्त-ओर्दा इर्कुत्स्कला आणि आगा चिता प्रांताला जोडलं. त्याच लाटेत 'अखिल मंगोलवादी' म्हणून पिढी कापून काढली. विद्वान बझार बारादिनला गोळी घातली. झाम्त्सारानो कैदेत मेला. लामा आगवान दोर्जिएव, तेराव्या दलाई लामांचा सल्लागार आणि पीटर्सबर्गच्या बौद्ध मंदिराचा कर्ता, ऐंशीच्या पुढच्या वयात उलान-उदेच्या तुरुंगात गेला. माणसं संपली, मग १९५८ मध्ये पाटीवरचा शब्द पुसला. ज्याला तुम्ही घडण म्हणता ती ही शस्त्रक्रिया आहे."

वसुधाताई यातला एकही सनावळीचा तपशील नाकारत नाहीत. "पण सुरुवात तुम्ही फार उशिरा धरली," त्या म्हणतात. "१७०३ मध्ये अकरा खोरी कुळांची माणसं पार मॉस्कोपर्यंत जाऊन पीटर झारकडून आपल्या जमिनीची सनद घेऊन आली. १७२७ मध्ये क्याख्ताच्या करारानं रशिया आणि चीनचं राज्य यांच्यातली सीमा आखली गेली. १७६४ मध्ये बुर्यात बौद्धांना स्वतःचा खांबो लामा मिळाला. आता धर्माच्या कारभारासाठी सीमेपलीकडे तोंड करायला नको. १८२२ च्या कायद्याने कुळांच्या सभा आल्या. स्टालिन जन्मायच्या आधी शंभर-दीडशे वर्षं हे लोक एका राज्यात, एका पंचायतीत, एका धर्मपीठाखाली नांदत होते. आणि सेलेंगाची बोली खाल्खाला लागून का? तिथली त्सोंगोल आणि सार्तूल कुळं सतराव्या शतकाच्या अखेरीस मंगोलियातूनच आली. सीमा पडली, ती अलीकडे राहिली, आणि बुर्यात झाली. उलटं पाहायचं तर बार्गांकडे बघा. त्यांची बोली बुर्यातला अगदी जवळची, पण ते चीनच्या राज्यात गेले, तिथल्या लष्करी तुकड्यांत नोंदले गेले. त्यांना आज कोणी बुर्यात म्हणत नाही. सीमेने माणसं नुसती तोडली नाहीत, भाऊसाहेब. जोडलीही."

"राज्यांनी जोडलेली ओळख म्हणजे लादलेली ओळख," भाऊसाहेब म्हणतात. इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. लादलेले खोटेच असते असे नाही. दोनशे वर्षे एकत्र कर भरणारे, एका गादीपुढे वाकणारे, एकमेकांत सोयरीक करणारे लोक त्या दोनशे वर्षांनी एक होतात. सुरुवात कोणाच्या हुकमाने झाली हा पुढे फक्त इतिहासाचा प्रश्न उरतो. पण वसुधाताईंच्या बाजूचे लोकही सोयीने एक गोष्ट विसरतात. ज्या वर्षांत सोव्हिएत बाजूला बुर्यात विद्वान 'फार मंगोल' म्हणून मारले जात होते, त्याच दशकात मंगोलियात बुर्यात निर्वासित 'बुर्यात' म्हणून मारले जात होते. १९३३ चे ल्हुंबे प्रकरण असो की १९३७ नंतरची मोठी कत्तल, जपानचे हेर म्हणून आधी नजर गेली ती बुर्यातांवर, कारण ते रशियातली यादवी आणि नवी राजवट टाळून आलेले, शिकलेले आणि परके होते. एल्बेगदोर्ज रिंचिनो या बुर्यात नेत्याने मंगोलियाची क्रांती उभी करण्यात मोठा वाटा उचलला. त्याला मॉस्कोने परत बोलावले आणि १९३८ मध्ये संपवले. वंशावळ खरी धरली तर बुर्यात मंगोलियात सुरक्षित असायला हवे होते. घडण खरी धरली तर सोव्हिएत प्रजासत्ताकात असायला हवे होते. दोन्हीकडे त्यांना तेच उत्तर नडले जे त्या वेळी सत्तेला नको होते.

१९३६ च्या बोलीबदलाचा न्याय मी याच नजरेने करतो. भाऊसाहेब म्हणतात तो हेतू, खाल्खापासून तोडण्याचा, होता यात मला संशय वाटत नाही. पण खोरी बोलणारे संख्येने जास्त होते आणि त्यांची बोली बुर्यातांत मध्यवर्ती होती. शुद्ध भाषेच्या हिशेबाने निवड वाईट नव्हती. वाईट झाले ते निराळेच. १९३१ ते १९३९ या आठ वर्षांत तीन लिप्या आणि दोन प्रमाणबोली झाल्या. ज्याला उभी मंगोल लिपी येत होती तो एका रात्रीत निरक्षर झाला. लॅटिन शिकून उठतो न उठतो तोच दुसऱ्यांदा निरक्षर झाला. शंभर वर्षांचे हस्तलिखित आणि छापील बुर्यात साहित्य नातवंडांना वाचता येईनासे झाले. दोर्जिएवने १९०५ मध्ये 'वागिंद्र' नावाची सुधारलेली उभी लिपी काढली होती; बुर्यात उच्चार नीट उतरावेत आणि पूर्व-पश्चिमेच्या बुर्यातांना एकच लेखन मिळावे हा तिचा उद्देश. नाव संस्कृत, त्याच्याच तिबेटी नावाचे भाषांतर. थोडी पुस्तके निघाली आणि ती थांबली. ती रुजली असती तर पुढची हाणामारी टळली असती असे नाही, पण लेखन बोलणाऱ्यांच्या गरजेवरून ठरवायचे, एवढा विचार तिच्यात होता. पुढच्या तिन्ही बदलांत तो नव्हता.

लिपी आणि बोलीच्या या ओढाताणीत सर्वांत मागे राहिले ते बैकालच्या पश्चिमेचे बुर्यात. उभी लिपी त्यांच्यात कधी फारशी पसरली नव्हती, कारण बौद्ध मठ पूर्वेला होते आणि इकडे शामान, नंतर रशियन पाद्री. आता प्रमाण म्हणून आलेली खोरी त्यांच्या एखिरित-बुलगात आणि आलार बोलींपासून बरीच लांब. शाळेत जे 'बुर्यात' शिकवले जाते ते आजीच्या बुर्यातसारखे ऐकू येत नाही, आणि पुस्तक चुकले असे न वाटता आजी चुकली असे वाटते. १९७० च्या दशकात बुर्यात माध्यमाच्या शाळा रशियन माध्यमाकडे वळल्या. बुर्यात उरली ती एक विषय म्हणून. शहरात नोकरी रशियनमध्ये, सैन्य रशियनमध्ये, उलान-उदेच्या बाजारातली घासाघीसही रशियनमध्ये. १९९२ च्या भाषा कायद्याने बुर्यातिया प्रजासत्ताकात बुर्यातला राजभाषेचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये रशियाने कायद्यात बदल करून अशा भाषांचे शिक्षण पालकांच्या इच्छेवर सोडले. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत बुर्यात आहे.

"म्हणूनच म्हणतो, खाल्खाचा हात धरा," भाऊसाहेब म्हणतात. "पलीकडे तीस लाखांहून जास्त लोकांचा देश आहे. वर्तमानपत्रं आहेत, चित्रवाणी आहे, विद्यापीठं आहेत, गाणी आहेत. उलान-उदेचा मुलगा महिनाभरात खाल्ख समजू लागतो. भाषेला मोठं घर मिळेल." वसुधाताई विचारतात, "मंगोलियात राहणाऱ्या बुर्यातांना ते घर मिळालंच की. त्यांची मुलं काय बोलतात?" खाल्ख बोलतात. मोठ्या भाषेच्या सावलीत लहान बोली विरघळते, आणि ती भाषा सख्खी असली तर विरघळणे कोणाच्या लक्षातही येत नाही. भाऊसाहेब मग शिनेहेनचे उदाहरण काढतात. क्रांतीनंतर आगा भागातून पळून हुलुनबुइरला गेलेल्या बुर्यातांनी तिथे शिनेहेन नदीकाठी वसाहत केली. शाळेत उभ्या लिपीतली मंगोल, घरात बुर्यात; त्यांची भाषा आजच्या उलान-उदेपेक्षा भरघोस राहिली, आणि १९९० नंतर त्यांतले काही परत आले तेव्हा त्यांचे बोलणे ऐकून स्थानिक लोक चकित झाले. उदाहरण चांगले आहे, पण ते भाऊसाहेबांना वाटते तितके त्यांचे नाही. शिनेहेनच्या लोकांना शाळा सख्ख्या भाषेत मिळाली हे खरे, तरी घराचे नाव त्यांनी बुर्यातच ठेवले. दोन्ही असल्यामुळे ते टिकले. आणि हुलुनबुइर ज्यात येते त्या आंतरमंगोलियातल्या शाळांत २०२० मध्ये काही विषय चिनी भाषेत सक्तीने शिकवायला सुरुवात झाल्यापासून त्या आधारालाही तडा गेला आहे.

"मग उस्त-ओर्दाच्या पहिलीतल्या मुलासमोर कुठलं पुस्तक ठेवायचं, ते सांगा," वसुधाताई म्हणतात. "माझं मत, त्याच्या आजीच्या बोलीतलं. एखिरित-बुलगात म्हणजे बिघडलेली खोरी नव्हे." भाऊसाहेब मान हलवतात: "साडेचार लाखांच्या भाषेचे चार तुकडे करून चार पुस्तकं छापणार? आहे ती प्रमाणभाषा मोडेल. शंभर वर्षं चालू असलेलं 'बुर्याद उनेन' वर्तमानपत्र मग कोणत्या बोलीत काढणार?" या एका प्रश्नावर मी वसुधाताईंकडे झुकतो, पण अटीवर. पहिली दोन-तीन वर्षे ऐकणे आणि बोलणे स्थानिक बोलीत असावे, कथा आणि गाणी तिच्यातली असावीत. छापील वाचन मात्र हळूहळू खोरीत न्यावे, कारण वर्तमानपत्र, नाटक आणि पुस्तके ज्या बोलीत आधीच आहेत ती सोडणे परवडणारे नाही. वरच्या वर्गांत उभी लिपी शिकवावी, ती भाऊसाहेबांच्या समाधानासाठी नव्हे, तर १९३१ पूर्वीचे पणजोबांचे कागद वाचता यावेत म्हणून. आणि खाल्ख ज्याला हवी त्याला ऐच्छिक विषय म्हणून. भाऊसाहेबांना यातली शेवटची ओळ अपुरी वाटते, वसुधाताईंना दुसरी. दोघांनाही पहिली मान्य आहे, आणि तिच्यासाठी लागणारे शिक्षक अजून घडवायचे आहेत.